डांबरात ॲडिटिव्ह टाकलंय, पण ते म्हातारं कधी होणार हे कसं बघायचं

सोलापुरात मे महिन्यात पारा 42-43 वर जातो, रस्ता तर त्याहून कितीतरी जास्त तापतो, त्यामुळे डांबर ऑक्सिजन खाऊन कडक होणं इकडे लवकरच. म्हणून कुठलंही केमिकल घेण्याआधी हे कराच.

एकाच ड्रममधलं व्हीजी-40 (रस्त्याच्या डांबराची एक कडक प्रत) घ्या, दोन भाग करा, एकात ॲडिटिव्ह टाका, दुसरं तसंच ठेवा. पण साध्या भागालाही तेवढंच तापवून तेवढाच वेळ ढवळायचं हां, इथंच बरेच जण चुकतात, कारण नुसत्या तापवण्यानंही डांबर म्हातारं होतं आणि मग फरक केमिकलचा की आचेचा ते कळतच नाही. मग प्रत्येक बाटलीत 35 ग्रॅम, फिरत्या ओव्हनमध्ये 163 डिग्रीला 85 मिनिटं. आधीची आणि नंतरची 60 डिग्रीची व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, काढा, ती 4 पटीपेक्षा जास्त वाढली तर माल नापास.

ही झाली प्लांटमधली झीज, म्हणजे खडी-डांबर गरम करून मिसळताना होणारी. रस्त्यावरच्या पुढच्या वर्षांसाठी तोच माल प्रेशर व्हेसलमध्ये, म्हणजे दाबाखालच्या हवेच्या भांड्यात, 100 डिग्रीला 20 तास ठेवायचा. ॲडिटिव्ह एसबीएस (रबरासारखं पॉलिमर) असेल तर जास्त सांभाळून, पॉलिमर तुटून मऊ होतं आणि डांबर कडक होतं, दोन्ही मिळून आकडा फसवा येतो, म्हणून ताणून इलॅस्टिक रिकव्हरी, म्हणजे ताणलेलं किती परत आखडतं ते, बघाच.