जपानात रोजच्या दुपारी काय खायचं: नवीन आलेल्यांसाठी

जपानात जेवणाची सुट्टी म्हणजे बारा ते एक, आणि ती बहुतेक ऑफिसांत सगळ्यांना एकदमच होते. कायद्याने सहा तासांपेक्षा जास्त कामाला ४५ मिनिटं आणि आठ तासांपेक्षा जास्त कामाला १ तास विश्रांती मिळते, पण त्यातला बराच वेळ रांगेत जातो. ऑफिसांच्या भागात बाराच्या ठोक्याला लागलेली रांग पाऊणपर्यंत काही ओसरत नाही. जमत असेल तर साडेअकराला नाहीतर सव्वाएकनंतर बाहेर पडा. दोननंतरचा मात्र भरवसा धरू नका. लंचचा मेनू दोन-अडीचला संपतो आणि छोटी दुकानं पाचपर्यंत बंद असतात. एकट्याने जेवायला जाणं इथे रोजचंच आहे, त्यामुळे सहकाऱ्यांनी बोलावलं नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका.

साध्या दुपारचं जेवण म्हणजे तेइशोकु: भात, मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या सूपची वाटी, एक मुख्य पदार्थ, बारीक चिरलेला कोबी आणि त्सुकेमोनो, म्हणजे लोणच्याच्या दोन-चार फोडी. 'हिगावारी' लिहिलेलं असेल तर ते त्या दिवसाचं ताट, बहुधा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर येणारं. टोकियोत साधारण ८०० ते १,१०० येन धरून चाला. भात पुन्हा हवा असेल तर 'ओकावारी', सुरुवातीलाच जास्त हवा असेल तर 'ओओमोरी'. काही ठिकाणी दोन्ही फुकट असतं. टिप द्यायची नाही, पाणी किंवा चहा आपोआप येतो.

मासे खाणाऱ्यांची चंगळच आहे. 'साबा शिओयाकी' मागवा: आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ, मीठ लावून भाजलेला, शेजारी मुळ्याचा कीस. चिकनवाल्यांना काराआगे (तळलेलं चिकन) आणि ओयाकोदोन (भातावर चिकन-अंडं) आहेतच. फक्त बीफ टाळणाऱ्यांनी जरा डोळे उघडे ठेवायचे. 'हांबागु' नावाच्या खिम्याच्या टिक्कीत बहुधा 'आइबिकी' म्हणजे बीफ आणि पोर्क एकत्र दळलेलं असतं. बटाट्याच्या 'कोरोक्के'तही खिमा असू शकतो. आणि जपानी करीच्या तयार वड्यांत बीफची चरबी असणं अगदी सर्रास, वर चिकनचे तुकडे दिसत असले तरी.

आता शाकाहारी मंडळींसाठी, कारण खरी गोची त्यांची होते. ताटात मांसाचा तुकडा नसला म्हणजे झालं असं वाटतं, आणि घोळ तिथेच होतो. इथल्या स्वयंपाकाचा पाया आहे दाशी, म्हणजे बहुतेक वेळा कात्सुओबुशी या सुकवलेल्या माशाच्या किसाचं पाणी. मिसोच्या वाटीत तेच, उदोन या जाड नूडल्सच्या रश्शात तेच, थंड सोबा नूडल्स बुडवायच्या सॉसमध्ये तेच, उकडलेल्या भोपळ्यात आणि तळलेल्या तोफूवर ओतलेल्या पाण्यातही तेच. इनारी, म्हणजे तोफूच्या पिशवीतला भात, दिसायला निष्पाप. पण ती पिशवीही बहुधा दाशीतच शिजवलेली असते.

म्हणून 'बेजितारिआन' हा शब्द वापरून थांबू नका. ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ 'भाज्या आवडतात' एवढाच लागू शकतो. 'निकु नुकी', म्हणजे 'मांस काढून', म्हणालात तर वरचे तुकडे काढून तोच रस्सा समोर येईल. शिवाय 'निकु' म्हटलं की अनेकांच्या डोक्यात हॅम आणि बेकन येतच नाहीत; ओसाकाकडे तर निकु म्हणजे थेट बीफ. पूर्ण वाक्य पाठ करा: 'निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन. कात्सुओ नो दाशी मो दामे देस.' मांस-मासे चालत नाहीत, माशाची दाशीही नाही. अंडं नको असेल तर 'तामागो मो दामे देस' जोडा. हेच जपानी लिपीत कुणाकडून तरी लिहून घ्या आणि फोनमध्ये ठेवा. गर्दीच्या वेळी बोलण्यापेक्षा दाखवणं लवकर कळतं. उत्तरात 'मुझुकाशी', म्हणजे 'अवघड आहे', ऐकू आलं तर तो नकार समजा, वाद घालू नका.

मग बाहेर खायचं तरी काय? साइझेरियासारख्या स्वस्त इटालियन साखळीत मार्गेरिता पिझ्झा मिळतो. कोकोइचि या करीच्या साखळीच्या काही शाखांत शाकाहारी करी वेगळी बनवलेली असते. तीच मागा, नेहमीची करी पोर्कवर बेतलेली आहे. टोकियो स्टेशनात तिकीट गेटच्या आत टीज तानतान हे पूर्ण वनस्पतिजन्य रामेनचं दुकान आहे. आणि गल्लोगल्लीची भारतीय-नेपाळी हॉटेलं आहेतच: करी, ताटाबाहेर लोंबणारा नान, सॅलड आणि लस्सी असा सेट. तिथे दोन गोष्टी विचाराव्यात, नानच्या पिठात अंडं आहे का आणि भाजीची ग्रेव्ही चिकनच्या पाण्यावर केलेली आहे का. हिंदी समजतं, त्यामुळे खरं उत्तर मिळतं. रोज मात्र जाऊ नका. तो नान खाऊन तीनच्या मीटिंगला जागं राहणं अवघड असतं.

बऱ्याच स्वस्त दुकानांत दारातच तिकीट-यंत्र असतं. आधी पैसे टाकायचे, मग बटण दाबायचं, मग सुट्ट्या पैशांचा खटका ओढायचा. काही यंत्रांत तो ओढल्याशिवाय पैसे परत येत नाहीत आणि नवखे लोक ते तिथेच विसरतात. अनेक यंत्रं फक्त १,००० येनची नोट घेतात. ३ जुलै २०२४ ला नव्या नोटा आल्या, आणि काही जुनी यंत्रं त्या नाकारतात. तेव्हा खिशात १०० येनची आठ-दहा नाणी असू द्यावीत. मागे रांग असेल आणि काहीच वाचता येत नसेल तर सगळ्यात वरचं डावीकडचं बटण बहुधा दुकानाच्या मुख्य पदार्थाचं असतं. शाकाहाऱ्यांनी ते बटण डोळे मिटून दाबू नये, एवढंच.

कोन्बिनीतली (चोवीस तास उघड्या छोट्या दुकानातली) ओनिगिरी, म्हणजे सारण भरलेला भाताचा त्रिकोणी गोळा, ही घाईची सोय. वेष्टनावर १, २, ३ असे आकडे असतात. १ म्हणजे टोकाची पट्टी खाली ओढत मागच्या बाजूने पूर्ण वर आणायची. २ आणि ३ म्हणजे उजवा आणि डावा कोपरा बाहेर खेचायचा. आधी कोपरे ओढलेत तर नोरी (समुद्री शेवाळाचा कागदासारखा पापुद्रा) प्लास्टिकमध्येच राहते आणि हातात नुसता भात येतो. आतला उमेबोशी, म्हणजे उमे या फळाचं खारट-आंबट लोणचं, शाकाहाऱ्यांना जवळचा, पण काही उमेत कात्सुओ मिसळतात, त्यामुळे मागचं लेबल कॅमेऱ्याने भाषांतर करून एकदा बघाच. त्या लेबलवर अंडं, दूध, गहू वगैरे ॲलर्जीचे पदार्थ ठळक कळतात. मांसाचा अर्क किंवा चरबी मात्र घटकांच्या यादीत शोधावी लागते. ऑक्टोबर २०१९ पासून विकत घेऊन बाहेर नेलं तर कर ८ टक्के आणि दुकानातच बसून खाल्लं तर १० टक्के. कचरा आपल्यासोबत न्या, रस्त्यावर डबे सापडत नाहीत.

हे सगळं खरं असलं तरी आठवड्यातले तीन दिवस डबाच बरा. पैशांपेक्षाही पोटासाठी.

इथे डबा थंडच खातात, आणि इथला आखूड, चिकट तांदूळ त्यासाठीच चांगला. त्यात अमायलोज हा स्टार्चचा प्रकार कमी असतो, त्यामुळे गार झाला तरी मऊ राहतो. जात आपल्या इंद्रायणीच्या जवळची. बासमती किंवा कोलम दुपारपर्यंत टरटरीत होतो, तो मायक्रोवेव्ह असेल तरच न्या. इथल्या विजेच्या राइस-कुकरबरोबर येणारं माप १८० मिलीचं असतं, त्याला १ 'गो' म्हणतात: साधारण १५० ग्रॅम तांदूळ, शिजून ३३० ग्रॅमच्या आसपास भात. एकाच्या डब्याला अर्धा गो पुरतो. दुकानात मिळणारं नेहमीचं माप २०० मिलीचं. त्याने तांदूळ घेऊन पाणी कुकरच्या रेघेपर्यंत भरलंत तर भात कचरट होणारच. दोष कुकरचा नसतो.

भात गरम असताना झाकण लावू नका. ताटात पसरून गार करा, मग भरा. नाहीतर वाफेचं पाणी झाकणाला धरून परत भातावर पडतं, आणि जून ते सप्टेंबरच्या दमट उकाड्यात डबा आंबतो. त्या महिन्यांत बर्फाची पिशवी डब्याच्या वर ठेवा, खाली नाही; थंडावा खाली उतरतो. पोळीचंही तेच: जाळीवर गार करून कागदात गुंडाळा, ताटावर ठेवलीत तर खालची बाजू ओली होते. पीठ भारतीय दुकानातून आणा. टोकियोत शिन-ओकुबो, ओकाचिमाची आणि निशी-कासाईला सहज मिळतं. सुपरमार्केटातलं 'हाकुरिकिको' म्हणजे मैदा.

आमटीसाठी ३०० मिलीचा सूप-जार, म्हणजे रुंद तोंडाचा थर्मास, घ्या. उकळतं पाणी भरून पाच मिनिटं ठेवा, ओतून द्या आणि लगेच उकळती आमटी आतल्या रेघेपर्यंतच भरा. जार आधी तापवला नाही तर दुपारी कोमट पाणी हाती येतं. कढी किंवा दुधाचं काही त्यात नको, नासतं. ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये लसणाची फोडणी गरम केलीत तर कुणी काही बोलणार नाही, पण सगळ्यांना कळेल. (नात्तो, म्हणजे उग्र वासाचं आंबवलेलं सोयाबीन, खाणाऱ्यांना तक्रारीचा हक्क किती, हा वेगळा प्रश्न.)

मुलं सरकारी प्राथमिक शाळेत जाणार असतील तर 'क्युशोकु', म्हणजे शाळेतलं जेवण, समजून घ्या. १९५४ च्या शालेय भोजन कायद्यावर चालणारी ही पद्धत: सगळ्या वर्गाला एकच जेवण, वाढायलाही मुलंच. नवीन वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, त्यामुळे शाळेशी मार्चच्या आधी बोला. नसलेली ॲलर्जी सांगू नका, त्यासाठी डॉक्टरांचा कागद मागतात. घरच्या पद्धतीमुळे चालत नाही, डबा दिला तर चालेल का, असं सरळ विचारा. उत्तर शाळेगणिक बदलतं. महिन्याचा मेनू घरी येतो; परवानगी मिळाली तर त्यावर न चालणाऱ्या पदार्थांना खूण करून एक प्रत वर्गशिक्षकांना द्या आणि एक फ्रिजवर लावा. ज्या दिवशी फक्त रस्सा चालत नाही, त्या दिवशी भात आणि फळ शाळेतलं, सोबत घरची सुकी भाजी.