काटा चढला की बॅकवॉश: घरच्या पूलचा वाळूचा फिल्टर कसा सांभाळायचा

अलिबागजवळ आमच्या काकांचं घर आहे. मागच्या अंगणात आठ मीटर लांब, चार मीटर रुंद असा बेताचा पूल आहे आणि त्याची सगळी उठाठेव माझ्या गळ्यात पडलेली आहे. सुरुवातीला मी दर रविवारी न चुकता फिल्टर धुवायचो. तरी पाणी किंचित गढूळच. शेवटी पूल बांधणाऱ्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी पंपरूममध्ये डोकावून विचारलं, "किती दिवसांनी धुता?" मी अभिमानानं सांगितलं. ते म्हणाले, "अहो, वाळूला जरा मळू तर द्या!"

तेव्हा मला ती थट्टा वाटली, पण त्यात अर्थ होता. फिल्टरमधली वाळू साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या दाण्याची असते. पाणी वरून खाली झिरपतं आणि कचरा दाण्यांच्या फटींत अडकतो. हा अडकलेला गाळच फटी आणखी बारीक करतो, त्यामुळे थोडी मळलेली वाळू नव्या वाळूपेक्षा जास्त बारीक कण धरते. रोज घासूनपुसून लख्ख ठेवायला ते तांब्याचं घंगाळ नाही. अर्थात मळ फार साचला की पाणी पुढे सरकत नाही, पंपावर ताण येतो. तेव्हा कधी धुवायचं हे कॅलेंडरवर ठरवू नका. ते फिल्टरवरचा प्रेशर गेज, म्हणजे आतला दाब दाखवणारी काट्याची तबकडी, सांगतो.

आधी काट्याची खूण

फिल्टर नुकताच धुतलेला असताना पंप चालू करा आणि काटा कुठे स्थिरावतो ते बघा. आमच्याकडे तो 10 पीएसआयवर (पीएसआय आणि बार ही दाबाची मापं) थांबतो, तुमच्याकडे 8 असेल किंवा 14. त्या जागी गेजच्या काचेवर खूण करा. मी काकूंच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता, तो दोन पावसाळे टिकला. या आकड्यापेक्षा काटा 8 ते 10 पीएसआय वर गेला की बॅकवॉशची, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुण्याची वेळ झाली. गेज बारमध्ये असेल तर हा फरक अर्ध्या ते पाऊण बारच्या आसपास येतो. उन्हाळ्यात घरचीच चार माणसं पोहत असतील तर आमच्याकडे दोन-तीन आठवडे सहज जातात. पाहुण्यांची पलटण येऊन गेली की चार दिवसांतच काटा चढतो.

पंप बंद केल्यावर काटा शून्यावर यायला हवा. येत नसेल तर काचेवर टिचकी मारून बघा. तरीही अडकलेलाच राहिला तर गेज बदला. खोटं सांगणाऱ्या काट्यावर विसंबून काहीच ठरवता येत नाही.

काटा चढण्याऐवजी नेहमीपेक्षा खाली आला असेल तर दोष वाळूत शोधू नका. पंपाला पुरेसं पाणी मिळत नाहीये. पूलमधली पातळी स्किमरच्या (पूलच्या भिंतीतलं, वरचा कचरा ओढून घेणारं खोकं) तोंडाच्या निम्म्यावर आहे का, ते बघा. मग स्किमरची जाळी, आणि मग पंपाच्या पारदर्शक झाकणाखालची जाळी. आमच्या बाजूला सुरूची झाडं फार. सुरूच्या त्या काड्या जाळीच्या भोकांतून उभ्या शिरतात आणि पंपाच्या पंख्यात जाऊन बसतात. वादळी वाऱ्यानंतर मी दोन्ही जाळ्या दिवसातून दोनदा झटकतो. पंपाचं झाकण परत लावताना त्याची रबरी रिंग पुसून तिला सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवा. घरातलं व्हॅसलिन लावू नका, त्यानं रबर फुगतं आणि काही महिन्यांत झाकणातून हवा ओढली जायला लागते.

बॅकवॉश, क्रमाने

वाळूच्या फिल्टरवर बहुतेक ठिकाणी सहा खुणांचा व्हॉल्व्ह असतो: फिल्टर, बॅकवॉश, रिन्स, वेस्ट, रीसर्क्युलेट आणि क्लोज्ड. एरवी हँडल 'फिल्टर'वर असतं.

1. पंप बंद करा. टायमरवर असेल तर एमसीबीच (विजेच्या बोर्डावरचा खटका) खाली पाडा, नाहीतर हात व्हॉल्व्हवर असतानाच पंप सुरू व्हायचा. काटा शून्यावर येईपर्यंत थांबा.

2. बाहेर जाणाऱ्या पाइपचं तोंड मोकळं आहे ना, बघून घ्या. लवचिक पाइप जोडला असेल तर त्याचे पीळ काढा. या पाइपवर वेगळा कॉक असेल तर तो उघडा.

3. हँडल खाली दाबून 'बॅकवॉश'वर न्या. ते खाचेत बसल्याचं हाताला कळलं पाहिजे.

4. पंप सुरू करा. आता पाणी खालून वर जातं, वाळू उचलली जाते आणि मळ बाहेर पडतो. व्हॉल्व्हच्या बाजूला छोटी काचेची कुपी असते, तिच्याकडे लक्ष ठेवा. पाणी आधी जवळजवळ स्वच्छ दिसतं, मग एकदम चहासारखं होतं, मग फिकं होत जातं. पहिल्या स्वच्छ पाण्याला फसून बंद करू नका. कुपी पूर्ण नितळ व्हायला दोन ते तीन मिनिटं लागतात.

5. पंप बंद. हँडल 'रिन्स'वर. पंप पुन्हा सुरू करा आणि अर्धा ते एक मिनिट चालवा. वाळू परत खाली बसते आणि पाइपात राहिलेला गाळ पूलमध्ये न जाता बाहेर जातो.

6. पंप बंद. हँडल 'फिल्टर'वर. पंप चालू करा, टाकीवरचा हवेचा स्क्रू थोडा सैल करून हवा जाऊ द्या आणि पाण्याची धार आली की आवळा. काटा लाल ठिपक्यावर आला की झालं.

पाचवी पायरी गाळणारे पुष्कळ आहेत. फिल्टर धुतल्याबरोबर पूलमध्ये पाणी येतं त्या तोंडातून धुरकट ढग निघालेला दिसला, तर समजायचं की रिन्स झालेलं नाही.

आणि पंप चालू असताना हँडल फिरवू नका, अगदी एका खाचेपुरतंसुद्धा. हे मी स्वतः शिकलो आहे. एकदा घाईत, पाहुणे गेटवर आलेले असताना, मी तसंच हँडल ओढलं. काही झाल्यासारखं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पूलचं पाणी चार बोटं उतरलेलं आणि शोषखड्ड्याभोवती चिखल. व्हॉल्व्हच्या आत चाकाच्या आऱ्यांसारखं एक रबरी गास्केट असतं, ते दाबानं जागचं निघून फाटलं होतं. हँडल 'फिल्टर'वर असतानाही रात्रभर पाणी थोडं थोडं बाहेर जात राहिलं. तुमच्या पूलची पातळी उन्हानं उतरते त्यापेक्षा जास्त उतरत असेल, तर टाइल फोडायला सांगण्याआधी 'फिल्टर'वर असताना बाहेरच्या पाइपातून थेंब येतात का, तेवढं बघा.

पाण्याचा हिशेब

आमचा पंप तासाला 8,000 लिटर पाणी फिरवतो. तीन मिनिटांच्या बॅकवॉशला 400 लिटर जातात, मिनिटभराच्या रिन्सला सव्वाशे-दीडशे. दर रविवारच्या माझ्या हौसेपायी वर्षाला साडेसत्तावीस हजार लिटर पाणी वाया जात होतं, म्हणजे दहा हजार लिटरचे पावणेतीन टँकर. एप्रिल-मे महिन्यात टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. हे पाणी विहिरीत किंवा ओढ्यात सोडू नका, त्यात क्लोरीन असतं. शोषखड्डा सर्वात बरा.

पंप रोज किती चालवायचा, याचाही हिशेब करता येतो. लांबी, रुंदी आणि सरासरी खोली यांचा गुणाकार करा. आमचा पूल 8 गुणिले 4 गुणिले 1.2, म्हणजे 38.4 घनमीटर, 38,400 लिटर. तासाला 8,000 लिटरच्या हिशेबानं सगळं पाणी एकदा फिरायला जवळपास पाच तास लागतात. उन्हाळ्यात मी सहा ते आठ तास चालवतो, तेही दिवसा, कारण उन्हानं क्लोरीन झपाट्यानं उडतं आणि शेवाळही दिवसाच वाढतं.

तेल, शेवाळ आणि पावसाळा

वाळूचा खरा वैरी तेल. केसांना खोबरेल चोपडून आणि अंगाला सनस्क्रीन फासून पाण्यात उडी मारली की ते सगळं वाळूच्या वरच्या थरात जाऊन बसतं. दाणे चिकटतात, मळाचे गोळे होतात आणि पाणी त्यांना वळसा घालून ठरावीक वाटांनीच खाली जायला लागतं. मग बॅकवॉश कितीही करा, पाणी धूसरच. पूलजवळ शॉवर बसवा आणि पाहुणा कितीही मानाचा असला तरी त्याला आधी त्याखाली उभं करा. सुती कपड्यांना मनाई करा, त्यांचे तंतू जाळ्यांत अडकतात. धुळवडीला मी पूलवर ताडपत्री ओढून मोकळा होतो. वाईटपणा येतो, येऊ द्या.

वाळू तेलकट झालीच तर वाळूच्या फिल्टरसाठीचं क्लीनर मिळतं. ते डब्यावरच्या मात्रेत टाकीत घालून, पंप बंद ठेवून रात्रभर भिजू द्या आणि सकाळी नेहमीपेक्षा लांब बॅकवॉश आणि रिन्स करा.

पाण्याचा पीएच 7.2 ते 7.6 आणि क्लोरीन 1 ते 3 पीपीएम (दहा लाखांत एक ते तीन भाग) राहिलं तर फिल्टरचं निम्मं काम हलकं होतं. बोअरचं पाणी जड असेल आणि पीएच सतत वर राहत असेल तर वाळूवर चुना धरतो, दाण्यांचे दगड होतात. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर क्लोरीन टाकल्याबरोबर पाणी तांबूस होतं. घाबरू नका, फिल्टर चालू ठेवा, तो रंग वाळूत अडकतो. मात्र त्या दिवसांत काट्यावर लक्ष ठेवा.

पंपरूममध्ये ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर शेजारी शेजारी ठेवू नका. दोन्ही एकत्र आली तर विषारी वायू निघतो. टीसीसीएच्या (क्लोरीनच्याच एका प्रकारच्या) गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर एका डब्यात किंवा एका मगात आली तर आग लागू शकते. प्रत्येकाचा मग वेगळा, आणि तो कोरडा.

पावसाळ्यात पाणी मातकट झालं की बरेच जण तुरटी टाकतात. उपाय चांगला, पण एक पायरी चुकली की फिल्टर तुंबतो. तुरटी बादलीत विरघळवून पूलभर पसरा, थोडा वेळ 'रीसर्क्युलेट'वर, म्हणजे वाळूत न नेता, पाणी फिरवा आणि पंप बंद करा. रात्रभर हलवू नका. सकाळी तळाशी राखाडी साय बसलेली दिसते. ती व्हॅक्यूमनं अगदी सावकाश ओढायची आणि हँडल 'वेस्ट'वर ठेवायचं, म्हणजे गाळ वाळूकडे न जाता थेट बाहेर पडतो. या कामात पाणी बरंच जातं, तेव्हा आदल्या दिवशी पातळी वाढवून ठेवा. नंतर पीएच तपासा, तुरटीनं तो उतरतो.

कार्ट्रिज असेल तर

लहान पूलना कधी कधी वाळूऐवजी घड्यांचा कार्ट्रिज फिल्टर असतो. त्याला बॅकवॉश नाही. काटा चढला की पंप बंद करून, दाब सोडून कार्ट्रिज काढा आणि बागेच्या पाइपानं वरून खाली, एकेक घडी उघडत धुवा. प्रेशर वॉशर आणि तारेचा ब्रश लावू नका, कापड फाटतं. तेलकटपणा आधी क्लीनरमध्ये भिजवून काढा. त्याआधी ॲसिड लावलं तर तेल कापडात पक्कं बसतं.

वाळू बदलताना

चार-पाच वर्षांनी, किंवा पूलमध्ये पाणी येतं त्या तोंडाखाली वाळू पडलेली दिसली तर त्याआधीच, टाकी उघडावी लागते. आमची टाकी 600 मिलिमीटर व्यासाची आहे, तिच्यात साधारण दीडशे किलो वाळू बसते. एकट्यानं करायचं हे काम नाही. दिवस कोरडा निवडा.

वीज बंद, कॉक बंद, खालचा बूच काढून पाणी सोडा, वरचा व्हॉल्व्ह सोडवा. मधला उभा पाइप दिसला की त्याच्या तोंडावर आधी प्लास्टिक बांधा, म्हणजे वाळू आत जाणार नाही. मग मगानं वाळू काढा. तळाशी हाताच्या बोटांसारख्या बारीक चिरांच्या नळ्या पसरलेल्या असतात. खोरं तर नकोच, शेवटचा थर हातानंच काढा. एकेक नळी चाचपा. पूलमध्ये वाळू पडत असेल तर यातली एखादी तडकलेली असते, ती आत्ताच बदला.

नवी वाळू फिल्टरसाठी चाळलेली सिलिकाच घ्या. "बांधकामाची चाळून टाकतो, निम्म्या पैशात होईल," असं सांगणारा प्लंबर आम्हालाही भेटला होता. तिच्यात माती असते आणि दाणे लहानमोठे असतात. टाकी आधी अर्धी पाण्यानं भरा, म्हणजे वरून पडणाऱ्या वाळूचा मार नळ्यांवर बसत नाही. कंपनीनं खडीचा थर सांगितला असेल तर तो आधी, मग वाळू. टाकी काठोकाठ भरू नका, बॅकवॉशला वाळू उचलली जायला वर जागा लागते. तोंडावरचं प्लास्टिक काढा, काठावरचे दाणे पुसा, व्हॉल्व्ह बसवा.

पहिल्यांदा हँडल 'फिल्टर'वर ठेवू नका, नाहीतर नव्या वाळूतली सगळी धूळ पूलमध्ये जाईल. आधी कुपी नितळ होईपर्यंत बॅकवॉश, मग रिन्स, मग फिल्टर. काटा स्थिरावला की गेजवरचा जुना लाल ठिपका थिनरनं पुसा आणि नव्या जागी नवा द्या.