डोलो, सिनारेस्ट, कॉम्बिफ्लाम: तापाच्या गोळ्या एकत्र घेताना या चुका टाळा

घरातल्या औषधांच्या डब्यात चार पट्ट्या असतात आणि बहुतेक वेळा चारहींत एकच औषध असतं: पॅरासिटामॉल. डोलोत 650 मिलिग्रॅम, सिनारेस्टमध्ये 500, कॉम्बिफ्लाममध्ये 325 (सोबत आयबुप्रोफेन 400), सॅरिडॉनमध्ये 250. नाव वेगळं म्हणजे औषध वेगळं, इथेच पहिली गफलत होते.

हिशेब करून बघा. तापासाठी डोलो तीनदा, नाक गळतंय म्हणून सिनारेस्ट तीनदा, अंग ठणकतंय म्हणून कॉम्बिफ्लाम दोनदा. 1950 + 1500 + 650, म्हणजे 4100 मिलिग्रॅम. धडधाकट प्रौढाला 24 तासांत 4000 ही कमाल मर्यादा. वजन 50 किलोच्या खाली असेल, यकृताचा आजार असेल, रोज दारू घेतली जात असेल किंवा तापात दोन दिवस पोटात काही नसेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय 2000 च्या पुढे जाऊ नका.

मात्रा जास्त झाली की यकृतात तयार होणारा विषारी घटक निष्प्रभ करणारा साठा संपतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. फसवं हे की पहिल्या दिवशी मळमळीपलीकडे काही जाणवत नाही, कधी तेवढंही नाही. म्हणून लक्षणांची वाट न पाहता सगळ्या पट्ट्या घेऊन लगेच रुग्णालयात जा. यावर उतारा आहे, पण तो पहिल्या 8 तासांत सर्वांत चांगला लागू पडतो.

दुसरी चूक वेदनाशामकांची. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, मेफेनॅमिक अ‍ॅसिड (मेफ्टाल), अ‍ॅस्पिरिन (डिस्प्रिन) ही सगळी एकाच कुळातली. यातली दोन एकत्र घेतल्याने दुखणं दुप्पट कमी होत नाही, जठराचा व्रण आणि रक्तस्रावाचा धोका मात्र वाढतो. शौच डांबरासारखी काळी झाली तर ते रक्त असू शकतं. ‘सोबत पित्ताची गोळी घेतली’ म्हणून निर्धास्त राहू नका. ती जठराला थोडं सांभाळते, मूत्रपिंडाला नाही. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि जोडीला लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर आयबुप्रोफेनने मूत्रपिंडावर तिहेरी ताण येतो. अशांना पॅरासिटामॉलच बरं. हृदयासाठी रोज अ‍ॅस्पिरिन 75 घेणाऱ्यांनीही आयबुप्रोफेन आपल्या मनाने घेऊ नये, त्याने अ‍ॅस्पिरिनचा उपयोगच कमी होऊ शकतो.

मग चालतं काय? निरोगी प्रौढाला पॅरासिटामॉल आणि एक आयबुप्रोफेन चालतं, कारण दोघांचं काम वेगळं. आयबुप्रोफेन जेवणानंतर, डॉक्टरांशिवाय दिवसाला 1200 मिलिग्रॅमच्या आत. गरोदरपणात नको.

गोळीला परिणाम दाखवायला अर्धा ते एक तास लागतो. तेवढा धीर नसतो, आणि तासाभरात दुसरी गोळी पोटात जाते. पॅरासिटामॉलच्या दोन मात्रांत किमान 4 तास, शक्यतो 6 तास जाऊ द्या. ताप 102 वरून 100 वर आला तरी औषध लागू पडलं असंच समजा.

लहान मुलांच्या बाबतीत घोळ मिलिलिटरचा होतो. मात्रा वजनावर: दर किलोला 15 मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त 4 वेळा. 10 किलोच्या मुलाला 150 मिलिग्रॅम. ते ड्रॉप्समध्ये (1 मिलिलिटरमध्ये 100) दीड मिलिलिटर, 250 च्या सिरपमध्ये (5 मिलिलिटरमध्ये 250) 3, आणि 120 च्या सिरपमध्ये सुमारे 6 मिलिलिटर. ‘मागच्या वेळी 6 दिलं होतं’ म्हणून ड्रॉप्स 6 मिलिलिटर दिले, तर मात्रा चौपट. स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका, बाटलीसोबतचं माप किंवा सिरिंज घ्या. आयबुजेसिक प्लसमध्ये पॅरासिटामॉल आधीच असतं, त्यावर वेगळं सिरप नको. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नका, आणि 12 वर्षांखालच्यांना निमेसुलाइडही नाही. या वयासाठी त्यावर भारतात 2011 पासून बंदी आहे.

पावसाळ्यात आणखी एक पथ्य. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, कारण बाकीची वेदनाशामकं रक्तस्राव वाढवू शकतात. आणि डेंग्यूत ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवसच जास्त धोक्याचे. तेव्हा पोटात जोरात दुखलं, सारख्या उलट्या झाल्या किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर गोळ्यांचा डबा बंद करून रुग्णालय गाठा.