पेटी येते, आता पियानो शिकायचाय? मग आधी डाव्या हाताकडे बघा

पेटी वाजवणाऱ्याला पियानो सोपा जाईल असं सगळे म्हणतात आणि ते अर्धंच खरंय. काळ्या पट्ट्यांची दोन-तीनची मांडणी तीच, काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी चार म्हणजे एफ, काळी पाच म्हणजे ए शार्प, एवढं डोक्यात बसलं की ८८ पट्ट्या बघून घाबरायचं कारण नाही. अडचण वेगळीच आहे. तुमचा उजवा हात विशारदपर्यंत पोचलाय आणि डाव्याने आजवर फक्त भाता मारलाय. त्यामुळे होतं काय की पहिल्याच आठवड्यात उजव्या हाताने अख्खं नाट्यगीत वाजतं, घरचे खूश, आणि पुढे गाडी तिथेच थांबते कारण उजव्याला मजा येत असताना डाव्याला शिकवायचा कंटाळा येतो.

वाद्याचं पटकन सांगतो. ६१ पट्ट्यांचा हलका कीबोर्ड घेऊ नका, त्याच्या पट्ट्या पेटीसारख्याच दबतात आणि बोटांना नवीन काहीच शिकायला मिळत नाही. डिजिटल पियानो घ्या, ८८ पट्ट्यांचा, वेटेड हॅमर ॲक्शनवाला, म्हणजे पट्ट्या खऱ्या पियानोसारख्या जड दबणारा. दुकानदार ‘टच सेन्सिटिव्ह आहे’ म्हणाला तर ते वेगळं बरं का, त्यात नुसता दाबण्यावर आवाज कमी-जास्त होतो, ते हलक्या पट्ट्यांचंही असू शकतं, वेटेड आहे का तेच विचारा. सोबत येणारं ते छोट्या डबीसारखं, सूर धरून ठेवणारं पेडल फरशीवर सरकत जातं, त्याच्याखाली रबरी पायपुसणं टाका. आणि खुर्ची हाताची नको. मांडी घालून बसायची सवय विसरायची, बैठकीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसायचं, पाय जमिनीवर, कोपर साधारण पट्ट्यांच्या लेव्हलला.

आता बोटं. पेटीवर बरेच जण करंगळी जवळपास वापरतच नाहीत, इथे ती लागतेच. दोन्ही हातांच्या बोटांना नंबर आहेत, अंगठा १ आणि करंगळी ५. पहिला रियाज असा करा: दोन्ही अंगठे मधल्या सीवर, म्हणजे मधल्या सप्तकातल्या पांढरी एकवर, आणि तिथून उजवा हात वर आणि डावा खाली, दोघांनी एकाच वेळी पांढऱ्या पट्ट्यांवरून बाहेर जायचं. बोटं दोन्हीकडे सेम, १ २ ३, मग अंगठा खालून काढून परत १ २ ३ ४ ५. उजव्यात सा रे ग म होतंय आणि डाव्यात सा नी ध प, तरी एकाच क्षणी दोन्हीकडे तेच बोट पडतंय, म्हणून हे डोक्याला फार जड जात नाही. हे बसलं की मग दोन्ही हात एकाच दिशेने न्या, तिथे डाव्याची बोटं ५ ४ ३ २ १ ३ २ १ अशी येतात आणि खरी गंमत तिथे सुरू होते, कारण दोन्ही अंगठे वेगवेगळ्या वेळी येतात. पुढचे काही आठवडे रियाजाला बसलं की आधी एकटा डावा हात, उजवा मांडीवर. चिडचिड होईल, होऊ दे.

दुसरी गोष्ट म्हणजे भाता गेला. पेटीत आवाज कमी-जास्त करायचं काम भात्याचं, बोटाने पट्टी जोरात दाबा नाहीतर हळू, सूर तसाच येतो. पियानोत पट्टी दाबली की आत हातोडी तारेवर पडते आणि पट्टी किती वेगाने खाली गेली त्यावर आवाज ठरतो, म्हणजे भात्याचं काम आता प्रत्येक बोटाकडे आलं. एकच पंचम घ्या आणि अगदी हळूपासून मोठ्यापर्यंत पाच पायऱ्यांत वाजवा, बोट उंच उचलून आपटायचं नाही, हाताचं वजन सोडायचं. मग हेच अनामिकेने करा. तिथे लगेच कळेल कुठलं बोट कच्चं आहे.

आणि सूर टिकत नाही! पेटीवर षड्ज भाता चालू असेपर्यंत राहतो, पियानोवर वाजल्याक्षणी विरायला लागतो. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, पेटीवर येत नाही म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती, पियानोवर तर मींडही नाही आणि लांब सूरही नाही. म्हणून संथ आलापीच्या नादाला सुरुवातीला लागू नका. रोजच्या म्हणण्यातला एखादा अभंग घ्या. केरवा धरा, आठ मात्रा, डाव्या हाताने पहिल्या आणि पाचव्या मात्रेला सा आणि प एकत्र, करंगळी आणि अंगठा. खालच्या सप्तकात मध्ये गंधार घालू नका, खाली तीन सूर जवळजवळ आले की नुसता गडगडाट होतो. चाल लांबलेल्या सुरावर थांबली की डाव्याने परत वाजवायचं, तेवढ्याने पोकळी भरते. पेडल यात सगळ्यात शेवटी आणा, आणि आणाल तेव्हा सूर वाजल्यावर लगेच दाबायचं, पुढचा सा-प वाजला की सोडून परत दाबायचं. सरसकट दाबून ठेवलं तर सगळं एकात एक मिसळून लापशी होते.

स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच ओळींवर सूर लिहायची पद्धत, टाळू नका, आणि पट्ट्यांवर सारेगमचे स्टिकर तर मुळीच लावू नका. आपला सा कुठेही सरकतो, स्टाफवरचा सी मात्र जागचा हलत नाही. तीन खुणा धरा: मधला सी, ट्रेबल क्लेफ (वरच्या सुरांच्या ओळींचं चिन्ह) जिथे वळतो ती खालून दुसरी ओळ म्हणजे जी, आणि बेस क्लेफचे (खालच्या सुरांच्या ओळींच्या चिन्हाचे) दोन ठिपके ज्या ओळीच्या वर-खाली आहेत ती म्हणजे एफ. बाकीचं तिथून मोजा. सगळे सूर आपोआप वर-खाली सरकवणाऱ्या ट्रान्सपोज बटणाला मात्र हात लावू नका, पट्टी बदलायची, म्हणजे सा दुसरीकडे धरून वाजवायची अक्कल पेटीने तुम्हाला फुकटात दिलीये, ती वापरा.

शिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगा की मला पेटी येते, म्हणजे ते उजव्या हाताचे बाळबोध धडे गाळून थेट दोन हातांवर आणतील. ग्रेडच्या परीक्षेची घाई करू नका, तिथे वाचून लगेच वाजवायलाही लावतात आणि आपल्या लोकांची विकेट बहुतेक तिथेच पडते.

कार्यक्रमात वाजवायचं ठरलं तर साथीची सवय आड येते. साथ करताना आपण गायकाच्या किंचित मागे राहतो, तो थांबला की थांबतो. इथे पुढे कोणीच नाही. त्यामुळे घरी तबल्याच्या ॲपवर किंवा ठरावीक लयीत ठोके देणाऱ्या मेट्रोनोमवर वाजवा, फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐका, कुठे वाट बघत थांबलात ते लगेच सापडेल. अभंगाच्या प्रत्येक कडव्याची सुरुवात मधूनच उचलता आली पाहिजे, म्हणजे चुकलं तर मागे न जाता पुढच्या कडव्यावर उडी मारता येते. स्टेजवर गेल्यावर आधी स्टूलची उंची नीट करा, लोक बघत असले तरी, आणि मनात एक पूर्ण आवर्तन मोजूनच डावा हात टाका.