हिवाळ्यात ट्रेलर घेऊन ओरेगॉनच्या किनाऱ्यावर जाताय? या चुका टाळा

ऑक्टोबर संपत आला की ठरावीक फोन येऊ लागतात. "आतच राहता येईल असा ट्रेलर भाड्याने घेतलाय, नाताळात न्यूपोर्टला चाललोय, सोबत काय काय घेऊ?" मी उलट विचारतो, "घरून किती वाजता निघणार?" उत्तर बहुतेक वेळा एकच येतं, "जेवूनखाऊन, दीड-दोनला." तिथेच माझ्या पोटात गोळा येतो.

अंधारात पोहोचणं

पोर्टलंडहून न्यूपोर्टला नकाशा अडीच तास दाखवतो. ते नुसत्या कारचं गणित आहे. मागे २५ फुटी ट्रेलर, ओला रस्ता, हायवे १८ वरची गर्द झाडी आणि किनाऱ्यालगतच्या हायवे १०१ वर केप फाउलवेदरची वळणं धरली तर चार तास हाताशी हवेत. कॅप्टन कुकने १७७८ च्या मार्चमध्ये या टोकाला हे नाव दिलं ते तिथल्या वाईट हवेमुळेच. हिवाळ्यात ते नाव अजूनही खरं ठरतं. शिवाय डिसेंबरअखेर इथे सूर्य पावणेपाचच्या सुमारास मावळतो. दीडला निघालात, लिंकन सिटीला चहाला थांबलात, की साइटवर, म्हणजे कॅम्पग्राउंडमधल्या आपल्या जागेवर, पोहोचेपर्यंत मिट्ट काळोख.

काही वर्षांपूर्वी आम्ही दोन कुटुंबं न्यूपोर्टजवळच्या साउथ बीच कॅम्पग्राउंडला जाणार होतो. आम्ही दुपारीच पोहोचलो. मित्र पहिल्यांदाच ट्रेलर ओढत होता, तो सव्वासहाला आला. आडवा पाऊस, झाडांमधून घोंघावणारा वारा. तो ट्रेलर मागे घेऊ लागला आणि वहिनी फोनचा टॉर्च धरून मागे उभ्या राहिल्या. त्या "थांबा, थांबा" ओरडत होत्या, पण वाऱ्यात त्याला काही ऐकू जात नव्हतं. आरशात फक्त पाण्याचे थेंब. ट्रेलर वाकडा वळला आणि वहिनी ट्रेलर आणि झाड यांच्यामध्ये सापडल्या. मी धावत जाऊन त्याच्या खिडकीवर दोन्ही हातांनी बडवलं, तेव्हा तो थांबला. मध्ये जेमतेम हातभर जागा उरली होती. ट्रेलरचा मागचा कोपरा झाडावर फुटला, त्याचे पैसे गेले, ते जाऊ देत. त्या रात्री वहिनींचे हात थरथरत होते, ते मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून माझा नियम आहे: दोनच्या आत साइटवर. सकाळी आठला घर सोडतो, जेवण तिथे जाऊन. मागे उभा राहणारा माणूस आरशात दिसेनासा झाला की त्याच क्षणी ब्रेक. दोघांकडे वॉकी-टॉकी हवाच, मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका. उशीर झालाच तर सेलमला किंवा मॅकमिनव्हिलला मोटेल घ्या आणि सकाळी पुढे जा. एका रात्रीचं भाडं वाचवायला कुणाचा जीव टांगणीला लावू नका.

वाऱ्याकडे न बघता निघणं

लोक पावसाचा अंदाज बघतात. पावसाने कुणाचा ट्रेलर उलटत नाही. हवामान खात्याच्या अंदाजात वाऱ्याच्या झोतांचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो बघा. ताशी ५८ मैलांच्या झोतांना जोरदार वाऱ्याचा इशारा निघतो, पण मी ३५ च्या वर ट्रेलर जोडतच नाही. साउथ बीचला उत्तरेकडून जाताना याक्विना बे पूल ओलांडावा लागतो. १९३६ चा, उंच, अरुंद लेनचा. तिथे बाजूने झोत बसला की स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. वादळ येताना इथे वारा बहुधा दक्षिणेकडून येतो, म्हणून साइट निवडता आली तर ट्रेलरचं तोंड दक्षिणेला करतो. ऑनिंग, म्हणजे ट्रेलरच्या बाजूला उघडणारं कापडी छप्पर, रात्री कधीही उघडं ठेवू नका.

मागच्या बाजूला लाकडं आणि पाण्याचे कॅन भरणारेही दरवर्षी भेटतात. हिचवर, म्हणजे गाडी आणि ट्रेलरच्या जोडावर, ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हवा, नाहीतर मागचं शेपूट डुलू लागतं. लाकडं तिथेच विकत घ्या.

वीज आणि ओल

३० अँपच्या जोडणीवर जास्तीत जास्त ३६०० वॅट मिळतात. हीटर १५००, इंडक्शन १८००, वर गीझर लावला की ब्रेकर पडणारच. मग ब्रेकर पुन्हा पुन्हा चढवणारे महाभाग असतात. कृपा करून आधी एखादं उपकरण बंद करा. फर्नेसवर, म्हणजे ट्रेलरमधल्या गॅसच्या हीटरवर, सगळी भिस्त ठेवणार असाल तर २० पौंडी प्रोपेनची टाकी ३०,००० बीटीयूच्या फर्नेसला सलग चालवल्यास साधारण १४ तासच पुरते, म्हणून दुसरी भरलेली टाकी हवी. फर्नेसचा पंखा बॅटरीवर चालतो, हेही लक्षात ठेवा.

आपल्या स्वयंपाकाने ट्रेलरमध्ये ओल फार होते. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की काचांवरून पाणी ओघळतं आणि सकाळी गादी खालून ओली लागते. मी कुकर लावायच्या आधी छताचा व्हेंट उघडतो, थंडी वाजली तरी. गाद्या रोज सकाळी उभ्या करून ठेवतो.

समुद्राला अलिबाग समजणं

हे सांगताना मी कधीच हसत नाही. इथलं पाणी हिवाळ्यात १० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि शांत वाटणाऱ्या किनाऱ्यावर एखादी लाट अचानक खूप आतपर्यंत येते. किनाऱ्यावर पडलेले मोठे ओंडके तर वीतभर पाण्यातही उचलले जातात आणि माणसाला खाली दाबतात. फोटोसाठी मुलांना ओंडक्यावर बसवू नका. भरतीची वेळ रोज सकाळी बघा.

बाकीचं थोडक्यात. स्टेट पार्कचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं. कोणतं कॅम्पग्राउंड डागडुजीसाठी बंद आहे ते तेव्हाच तपासा. साइटची लांबी ट्रेलरशी जुळते का बघा, ओढणारी गाडी धरून. टायरवरच्या शेवटच्या चार आकड्यांत तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष असतं. पाच-सहा वर्षं झाली असतील तर नक्षी कितीही चांगली दिसो, बदला. ब्लॅक टँकचा (संडासाच्या टाकीचा) व्हॉल्व्ह उघडा ठेवून राहू नका, पाणी वाहून जातं आणि घट्ट मळ आत साचतो. चाकांना चॉक, म्हणजे अडसर, लावल्याशिवाय हिच सोडू नका.

आणि परतल्यावर ट्रेलर तसाच अंगणात लावून मोकळे होऊ नका. किनाऱ्यावर पाणी फारसं गोठत नाही, पण पोर्टलंडकडच्या आपल्या खोऱ्यात रात्री गोठतं. त्याच संध्याकाळी पाइप रिकामे करून गुलाबी अँटिफ्रीझ भरा, आणि मगच चपला काढा.