शेजारचा आवाज: जिना चढण्याआधी काय कराल

‘शांतपणे जाऊन बोला’ असं सगळेच सांगतात. पण कोणाच्या घरी जाऊन बोलायचं, हे कोणी सांगत नाही, आणि घोळ नेमका तिथेच होतो. मी एकदा रात्री अकरा वाजता तणतणत वरच्या मजल्यावर गेलो आणि बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं, डोळ्यांवर झोप तशीच. घरात त्या एकट्याच, आणि मी त्यांना सांगतोय की खुर्च्या ओढू नका. त्या काहीच बोलल्या नाहीत. खाली येऊन पडलो, तर डोक्यावर खुर्ची पुन्हा सरकली. पुढे कित्येक महिने लिफ्टमध्ये काकू भेटल्या की मी मजल्यांचे आकडे वाचत उभा असायचो.

पायरी १: आठवडाभर टिपून ठेवा. तारीख, वेळ, किती मिनिटं, कसला आवाज. ‘रोज रात्रभर’ असं लिहू नका. रोज रात्रभर कोणाच्याच घरी काही चालत नाही.

पायरी २: आवाज कुठून येतो ते शोधा. सगळा वेळ इथे घालवा.

बोलणं, टीव्ही, भांडण हे आवाज हवेतून येतात, दाराच्या फटीतून आणि खिडकीतून. त्यांचा माग सोपा. त्रास देतो तो ठोक्याचा आवाज: टाचा, खुर्ची, हातातून सुटलेलं भांडं, मशीनची थरथर. हा इमारतीच्या अंगातून येतो. हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, काँक्रीटमध्ये ३००० मीटरहून जास्त, आणि वाटेत फारसा विरत नाही. स्लॅबमधून तुळईत, तुळईतून खांबात, खांबातून तुमच्या खोलीत. आवाज आपल्या दोन कानांशी किंचित मागेपुढे पोचतो, त्यावरून आपल्याला दिशा कळते. अख्खं छतच थरथरायला लागलं की कान फसतो आणि ‘वरून’ असं बिनदिक्कत सांगून टाकतो. माझी ती खुर्ची काकूंच्या शेजारच्या घरातली निघाली. तुळई एकच होती, एवढंच.

म्हणून आधी स्वतःच्या घराचा मेन स्विच पाच मिनिटं बंद करा. हसू नका, ‘शेजारची घरघर’ म्हणजे आपलाच फ्रिज, हे मी दोन घरांत पाहिलंय. मग आवाज चालू असताना खोलीखोलीत फिरा. भिंतीला, खांबाला, जमिनीला कान लावा, तळहात टेकवून थरथर जाणवते का बघा. जिन्यात एक मजला वर आणि एक मजला खाली जाऊन ऐका. फोनवरचं डेसिबल मोजणारं अ‍ॅप या खोलीत जास्त की त्या खोलीत, एवढ्यापुरतंच वापरा. तो आकडा शेजाऱ्याच्या तोंडासमोर धरू नका. फोनचा माइक घुमणारा, खालच्या पट्टीतला आवाज नीट पकडतही नाही.

आवाजाची चालही ओळखू येते. काही मिनिटं चढत जाऊन एकदम थांबणारी घरघर बहुधा वॉशिंग मशीनची: कपडे पिळताना ड्रम मिनिटाला १२०० फेरे घेत असेल, तर ते सेकंदाला २० हिसके झाले. भिंतीत एकच दणका बसत असेल, तर कोणीतरी नळ झटक्यात बंद केलाय. वाहतं पाणी अचानक अडतं आणि पाइप आपटतो. गरम पाणी सोडल्यावर टिकटिक सुरू झाली, तर तो पाइप तापून फुगतोय. या दोन्हींसाठी शेजाऱ्याशी भांडून उपयोग नाही, प्लंबर बोलवा.

शेवटी वर, खाली, बाजूला विचारा: “अहो, हा आवाज तुम्हालाही येतो का?” यात तक्रार नाही, त्यामुळे लोक खरं सांगतात. पुढे काकूंची माफी मागायला गेलो, तेव्हा कळलं की त्या खुर्चीचा त्रास त्यांनाही होत होता. आणि त्यांना वाटत होतं की खुर्ची मीच सरकवतो.

पायरी ३: आता बोला, पण दिवसा. सोसायटीच्या ग्रुपवर अजिबात नाही. ‘तुम्ही धडधड चालता’ म्हणू नका. ‘रात्री साडेदहाच्या सुमाराला खुर्ची सरकल्यासारखा आवाज येतो’ म्हणा, आणि त्यांना आपल्या घरी बोलवा. त्यांच्या घरचं कोणीतरी वर चालू दे, त्यांनी खाली बसून ऐकू दे. आपला आवाज खाली कसा पोचतो, हे बहुतेकांनी कधी ऐकलेलंच नसतं.

पायरी ४: उपाय आवाज निघतो तिथे करा. भिंतीवर अंड्यांचे ट्रे आणि फोम चिकटवायला सांगणाऱ्याचं ऐकू नका; त्याने तुमच्या खोलीतला घुमारा कमी होतो, पलीकडचा ठोका तसाच येतो. खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या चकत्या, चालण्याच्या वाटेवर खाली जाड अस्तर घातलेला गालिचा, मशीन समतल करून खाली रबरी पॅड. नवीन मशीन असेल तर वाहतुकीसाठी लावलेले बोल्ट काढलेत ना, तेही बघा. स्पीकर जमिनीवरून आणि सामाईक भिंतीपासून हलवा. दाराच्या फटीला रबरी पट्टी.

पायरी ५: तरीही फरक नाही, तर त्या नोंदींसह समितीला लेखी द्या.

आणि फेल्टच्या चकत्या दर काही महिन्यांनी उलटून बघा. त्या झिजतात, सरकतात, आणि खुर्ची पुन्हा बोलायला लागते.