पैठणीच्या पदराचे जाकीट शिवताना

जुन्या पैठणीपासून पाश्चात्त्य धाटणीचे जाकीट शिवायचे असेल, तर कात्री लावण्यापूर्वी पदर उजेडासमोर धरून पाहावा आणि वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिल्याने जिथे जरीची तार तुटलेली किंवा रेशीम विरलेले दिसेल, तो भाग टाळावा. आधी मांजरपाटाचे कच्चे जाकीट शिवून मापे पक्की करावीत, कारण उसवलेल्या रेशमावर सुईची भोके राहून जातात. पदरावरचा मोर पाठीच्या मधोमध अखंड यावा, त्याच्यावरून शिवण जाऊ नये. येवल्याच्या किंवा पैठणच्या ज्या विणकराने तो रंगीत धागे एकमेकांत गुंफून हाताने विणला, त्याच्या कामाचा एवढा मान राखलाच पाहिजे. काठ बाह्यांच्या टोकांना वापरावेत, कॉलर मात्र साधी ठेवावी. आतून मऊ सुती अस्तर लावावे.